‘विंटर इन अमेरिका’ पहिल्यांदा ऐकणार असाल तर

‘विंटर इन अमेरिका’ हा गिल स्कॉट-हेरन आणि ब्रायन जॅक्सन या अमेरिकी कलावंतांचा १९७४ चा आल्बम. त्यातलं ‘द बॉटल’ हे गाणं आधी लावू नका. बाकी काही नाही पाळलंत तरी चालेल, पण एवढं पाळा.

या आल्बममधलं तेच गाणं सगळ्यांच्या कानावर आलेलं असतं. त्याचा ठेकाच असा की पाय थांबत नाहीत. मीही मित्रमंडळी जमली की तेच लावायचे आणि आम्ही नाचायचो. एकदा नाचता नाचता एक मैत्रीण खाली बसली आणि म्हणाली, “हे बंद कर गं.” तिचे वडील दारूपायी गेले होते. तिला शब्द ऐकू येत होते, मला नुसता ठेका. त्या रात्री मी शब्द समोर ठेवून गाणं ऐकलं. बायकोच्या लग्नाच्या अंगठीसकट सगळं गहाण टाकणारा बाप आणि त्याचा भेदरलेला मुलगा. नवरा तुरुंगात गेल्यावर बाटलीला लागलेली बाई. अडलेल्या मुलींना मोकळं करायचा म्हणून कायद्याच्या तावडीत सापडलेला डॉक्टर. गर्भपाताचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला जानेवारी १९७३ मध्ये, आणि हे गाणं रेकॉर्ड झालं त्याच वर्षी. या डॉक्टरच्या वाट्याला तो निकाल वेळेत आला नाही. शेवटी गाणारा स्वतःलाही त्याच रांगेत उभा करतो.

म्हणून सुरुवात पहिल्या गाण्यापासून करा, आणि शक्यतो हेडफोन लावून. हा दोघांचा आल्बम आहे: शब्द आणि आवाज गिल स्कॉट-हेरनचा, पियानो आणि बासरी ब्रायन जॅक्सनची. दोघांची ओळख पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठातली. रेकॉर्डिंग झालं मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला, वॉशिंग्टनला लागूनच, एका छोट्याशा स्टुडिओत. खोली इतकी लहान की जॅक्सनने बासरी वाजवली ती बाहेर, पाण्याच्या कूलरशेजारी उभं राहून. हे कळल्यापासून मला ती बासरी नेहमी दाराबाहेरून आल्यासारखीच वाटते.

या पहिल्या गाण्यात, ‘पीस गो विथ यू, ब्रदर’मध्ये, ड्रम नाहीत. इलेक्ट्रिक पियानोचे सूर पाण्यात थेंब पडावेत तसे येतात आणि त्यावर गिल जवळजवळ बोलतोच. ‘राजकीय आल्बम’ म्हणून तुम्ही घोषणांची वाट पाहत असाल, तर इथे थांबून नीट ऐका. तो सरकारवर नाही, आपल्याच कृष्णवर्णीय माणसावर रागावलाय. तूच माझा बाप, काका, मुलगा. तूच वकील, तूच डॉक्टर. आणि तूच मला विसरलास. एवढं बोलून निरोप द्यायचा तो ‘तुझं भलं होवो’ म्हणतच. साठचं दशक ओसरल्यावर, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मारले गेल्यावर, जो तो आपापलं बघायला लागल्यावर उरलेला हा थंडावा आहे. नावातला ‘हिवाळा’ तोच.

पुढचं ‘रिव्हर्स ऑफ माय फादर्स’ आठ मिनिटांहून मोठं आहे. कंटाळा आला तरी पुढे ढकलू नका. शहराला विटलेला माणूस पूर्वजांच्या नदीला मला घरी ने म्हणतोय, आणि ती नदी घाईत वाहत नाही. ‘बॅक होम’ ऐकताना लक्षात असू द्या की गिल लहानपणी टेनेसीत आजीकडे वाढला. यानंतर रेकॉर्डची बाजू उलटते आणि मग ‘द बॉटल’ येतं. आता ते वेगळं लागतं की नाही बघा. मला तर त्यानंतर कधी नाचता आलं नाही.

‘एच-टू-ओ-गेट ब्लूज’साठी मात्र आधी पाच मिनिटं वाचन करा. नावातला एच-टू-ओ म्हणजे पाणी, म्हणजेच वॉटरगेट: वॉशिंग्टनमधली इमारत आणि तिच्यावरून नाव पडलेलं राजकीय प्रकरण. १७ जून १९७२ ला त्या इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत घुसखोर पकडले गेले. हॉल्डमन, अर्लिकमन, मिचेल, डीन ही चार नावं ओळखीची करून घ्या. सगळी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सनच्या आतल्या गोटातली. गिल ती ओळीने, यमकात घेतो. माणसं माहीत नसतील तर नुसतं हसणं ऐकू येईल, त्यामागचा संताप निसटेल. आल्बम बाजारात आला मे १९७४ मध्ये. या प्रकरणापायी निक्सनने दिलेला राजीनामा त्या ऑगस्टमधला. म्हणजे हा माणूस निकाल लागायच्या आधी बोलत होता.

‘विंटर इन अमेरिका’ नावाचं गाणं मूळ रेकॉर्डवर शोधू नका, ते नाहीच. ते १९७५ च्या पुढच्या आल्बमवर आलं. नव्या आवृत्त्यांत शेवटी जादा गाणी जोडलेली असतात. पहिल्या बैठकीत ती नकोत. नववं गाणं म्हणजे पहिलंच, थोडक्यात परत आलेलं. तोच पियानो, तोच निरोप. ते संपलं की बंद करा.