सोसायटीत सगळ्यांसाठी एकच इंटरनेट घ्यायचं असेल तर

आमची सोसायटी गोव्यात, फोंड्याजवळ. दोन इमारती, बारा फ्लॅट. मी खजिनदार, त्यामुळे बिल भरणंही माझ्याकडे आणि नेट गेलं की फोन घेणंही.

आधी सभेत ठराव करा, वायरचं नंतर बघू. कनेक्शन सोसायटीच्या नावावर घ्या, व्यावसायिक प्लॅनचं, आणि रहिवाशांत वाटायला हरकत नाही असं कंपनीकडून लेखी घ्या. कुणा एकाचा घरगुती प्लॅन सगळ्यांना वाटणं सहसा अटींत बसत नाही. शिवाय त्यावरून कुणी भलतंसलतं केलं, तर पोलीस कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याच दारात येणार. बाहेरच्यांना पैसे घेऊन वाय-फाय द्यायचं असेल, तर 2020 साली मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेची वेगळी वाट आहे. ती आपल्या भानगडीत मिसळू नका.

वेगाचा हिशेब सोपा. एका एचडी व्हिडिओला साधारण 5 एमबीपीएस लागतात. रात्री नवाला बारा घरांत दोन-दोन पडदे चालू धरले तरी 120. दोनशे एमबीपीएसचा प्लॅन पुरतो, फक्त अपलोडचा वेग विचारून घ्या. घरून काम करणाऱ्यांचं सगळं त्यावरच अडतं.

खरी गोम आहे विजेची, आभाळातल्या. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात काय गडगडतं ते गोंयकाराला सांगायला नको. दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची लॅन केबल मुळीच ओढू नका. जवळपास वीज पडली की केबलमधून विजेचा दाब येतो आणि दोन्हीकडचे स्विच, म्हणजे एका लाइनीचं नेट अनेक केबलींत वाटणारी यंत्रं, जळतात. तिथे फायबरच, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, टाका. काच वीज वाहत नाही. पण बाजारातल्या बऱ्याच फायबर केबलमध्ये आधाराला लोखंडी तार असते, ती नको. बिनधातूची मागा, दुकानदार कुरकुरला तरी.

इमारतीच्या आत तांब्याची कॅट-6 लॅन केबल चालते, मात्र एक ओढ 100 मीटरच्या आत ठेवा. जिन्यात एकच मोठा राउटर लावून भागत नाही, जाड चिऱ्याच्या भिंतीपलीकडे सिग्नल मरतो. प्रत्येक फ्लॅटला एक केबल द्या, आत राउटर ज्याचा त्याचा. स्विचवर दर फ्लॅटचं व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरिंगवरचं स्वतंत्र नेटवर्क, वेगळं करून घ्या आणि वेगाची मर्यादाही घाला. नाहीतर वरच्या काकूंची मालिका एखाद्या दिवशी तुमच्या टीव्हीवर सुरू व्हायची!

स्विचच्या पेटीला छोटा यूपीएस जोडा, अर्थिंग तपासा, केबलची भोकं सिलिकॉनने बुजवा. मुंग्या आणि पाली ऊब शोधत आत शिरतात.

हे सगळं एप्रिलमध्ये उरका. गणेश चवथीच्या तोंडावर वायरमन आपापल्या गावच्या घरी जातो, मग कितीही फोन करा.

स्विचच्या दर पोर्टवर, म्हणजे केबल खुपसायच्या खाचेवर, फ्लॅटचा नंबर लिहा आणि वरून पारदर्शक टेप लावा. दमट हवेत शाई उतरते, आणि भाडेकरू गेल्यावर नेमका कुठला पोर्ट बंद करायचा ते कळत नाही.