चर्चची वेबसाइट वर्डप्रेसवर केली, त्यात कुठे अडकलो ते

चर्चची साइट वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायची तयार प्रणाली) करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हटलं ब्लॉगच तर आहे, होईल दोन तासात. कसलं काय! होमपेज उघडलं की सगळ्यात वर कुठलीतरी जुनी सूचना, आणि नवीन माणसाला हवी ती उपासनेची वेळ कुठेच नाही. मग सेटिंग्जमध्ये रीडिंगला जाऊन स्टॅटिक पेज (म्हणजे कायम तेच दिसणारं पान) निवडलं, एक 'मुखपृष्ठ' आणि दुसरं 'बातम्या' नावाचं रिकामं पेज, पोस्ट आपोआप तिकडे गेल्या. त्या रिकाम्या पेजवर काही लिहू नका, मी अर्धा तास लिहीत बसलो आणि ते दिसतच नाही हो.

खरा घोळ प्रवचनांच्या ऑडिओचा. फाइल अपलोडच होईना, कारण पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती) अपलोडची मूळ मर्यादा फक्त २ एमबी असते. होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमधून ती ६४ एमबी केली आणि रेकॉर्डिंग मोनो (एकाच चॅनेलचं), ६४ केबीपीएसवर (दर सेकंदाला ६४ किलोबिट) आणलं, नुसतं बोलणं असल्यामुळे ऐकायला काही फरक नाही, ४० मिनिटांचं प्रवचन साधारण १९ एमबीत बसतं.

थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याच्या) फाइलमध्ये थेट बदल केलेले ते अपडेटनंतर सगळे साफ. चूक माझीच, आता चाइल्ड थीम केलीय, म्हणजे आपले बदल वेगळ्या फाइलींत राहतात आणि मूळ थीम अपडेट झाली तरी जात नाहीत. टाइमझोन पण यूटीसीवरच (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) राहिला होता, म्हणून शेड्यूल केलेल्या पोस्ट भलत्याच वेळी लागायच्या, आमच्या पाळकांनाच पहिल्यांदा कळलं ते.