कापड किती घ्यावं? आधी पन्हा विचारा

दसरा-दिवाळी जवळ आली की छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या गर्दीत दुकानदाराला "कुर्त्याला किती लागेल हो?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, अडीच मीटर. कापडाचा पन्हा म्हणजे रुंदी किती, घेर किती, बाही कुठपर्यंत, हे त्यानं विचारलेलं नसतं आणि आपणही सांगितलेलं नसतं.

मी शिवण शिकले परभणीत, शेजारच्या मावशींकडे. त्या म्हणायच्या, "आधी पन्हा इचार बाई, मग भाव." तरी एका वर्षी मी ३६ इंच पन्ह्याची खादी सवयीनं अडीच मीटर घेऊन आले. पुढा-मागा निघाला, पण बाह्यांना कापड उरलं नाही. कडेच्या अरुंद पट्ट्या जोडून बाह्या कराव्या लागल्या, मधोमध जोड दिसत राहिला. तेव्हापासून मी कापड घरी बेतते आणि मगच दुकानात जाते. त्याची रीत अशी.

पन्हा. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतची रुंदी म्हणजे पन्हा. बाजारात साधारण तीन पन्हे भेटतात: ३६ इंच (हातमागाचं आणि खादीचं बरंच कापड), ४४ इंच (छापील सुती) आणि ५८ इंच (शर्टिंग-सूटिंग). काठाची कड शिवणीत वापरता येत नाही, म्हणून हिशेबात पन्ह्यातून एक इंच वजा धरा.

माप. अंगावर टेप लावत बसण्यापेक्षा नीट बसणारा जुना कुर्ता जमिनीवर पसरा. उंची, सगळ्यात रुंद जागा (बहुतेक वेळा खालचा घेर) आणि बाहीची लांबी-रुंदी एवढं लिहून घ्या. समजा उंची ४२ इंच, घेराची रुंदी २४. खांद्याच्या शिलाईला १ आणि खालच्या दुमडीला २ इंच धरले की तुकड्याची उंची ४५ झाली. दोन्ही बाजूंच्या शिलाईला एकेक इंच धरून रुंदी २६. बाही, शिलाई-दुमड धरून, १९ लांब आणि १६ रुंद.

बेतणं. फरशीवर खडूनं दोन समांतर रेघा ओढा, मध्ये पन्हा वजा एक इंच एवढं अंतर ठेवा. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे या मापांचे कापून रेघांच्या आत मांडा. सगळ्या तुकड्यांची उंची काठाला समांतर, म्हणजे उभ्या धाग्यातच ठेवा. जागा वाचवायला तुकडा आडवा केला तर कपडा अंगावर नीट पडत नाही.

याच कुर्त्याचे तीन हिशेब बघा. ४४ पन्ह्यात २६ चा पुढा मांडल्यावर शेजारी १७ इंच उरतात, त्यात १६ ची बाही बसते. म्हणजे पुढा आणि मागा एवढीच लांबी, ९० इंच. मीटरमध्ये ३९ इंच आणि वर थोडं, म्हणून ९० इंच म्हणजे सुमारे २.३ मीटर, आटण्यासाठी वाढवून अडीच. ३६ पन्ह्यात शेजारी फक्त ९ इंच उरतात. दोन्ही बाह्या खाली वेगळ्या ओळीत जातात, ९० अधिक १९ म्हणजे १०९ इंच. तिथे ३ मीटर घ्यावं लागतं. ५८ पन्ह्यात पुढा आणि मागा शेजारी शेजारी बसतात, खाली बाह्यांची ओळ: ६४ इंच, म्हणून पावणेदोन मीटर पुरे.

अंगानं भरलेल्या बाईच्या घेराचा तुकडा ३० इंचांचा असेल, तर ४४ पन्ह्यातही शेजारी बाही बसत नाही. तिला अडीच मीटर सांगणं म्हणजे तिची बाही तोकडी करणं. तिनं ३ मीटरच मागावं.

आटणं. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे अडीच मीटरमागे ८ ते १२ सेंटीमीटर. खादी-हातमागाला थोडं जास्तच धरा. आणलेलं कापड पाण्यातून काढून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच कापा.

नक्षी. बुट्ट्या किंवा वेली एकाच दिशेला असतील तर एकही तुकडा उलटा मांडता येत नाही. मोठे चौकडे जुळवायचे असतील, तर नक्षी जेवढ्या इंचांनी पुन्हा येते तेवढे इंच प्रत्येक तुकड्यामागे वाढवा. आपल्याकडच्या हिमरूचं (सुती-रेशमी नक्षीदार विणीच्या कापडाचं) जाकीट शिवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हिमरूच्या मागच्या बाजूला नक्षीचे मोकळे धागे असतात, कापलेली कड सुटते. तिथे शिलाई अर्ध्या इंचावर भागवू नका, पूर्ण एक इंच सोडा आणि अस्तराचं कापड वेगळं मोजून घ्या.

परकर. चुण्यांसाठी घेर कमरेच्या किमान तिप्पट हवा. मुलीची कंबर २२ असेल तर ६६ इंच. ४४ पन्ह्याचे दोन पट्टे जोडले की, काठ वजा जाऊन, ८६ होतात, भरपूर. उंची २६, वर नेफ्याला १, खाली दुमडीला ३. एक पट्टा ३० इंचांचा, दोन पट्टे ६०, म्हणजे दीड मीटरहून किंचित जास्त. पोरी वाढतात, म्हणून मी दुमड ५ इंच ठेवते आणि १.७५ मीटर घेते.

पूर्ण गोल घेराचा घागरा. कंबर भागिले ६.२८ केलं की आतल्या गोलाची त्रिज्या मिळते. ३० कमरेला जवळपास ५ इंच. त्यात उंची ३६ आणि दुमड १ मिळवली की ४२. हे ४४ पन्ह्यात बसतं. एका अर्धगोलाला ८४ इंच लांबी लागते, दोहोंना १६८. साडेचार मीटर घ्या. उंची ३८ केली की त्रिज्या ४४ होते, पन्ह्याबाहेर जाते आणि खाली जोड येतो.

पुरुषांचं सोपं आहे. ५८ पन्ह्यात पूर्ण बाहीच्या शर्टाला १.६० मीटर आणि पँटला १.२० मीटर मध्यम अंगाला पुरतं. उंच माणसाला १० सेंटीमीटर वाढवा. ब्लाउजला ८० सेंटीमीटर ते १ मीटर. कोपरापर्यंत बाही हवी असेल तर मीटरच.

दुकानात छापील पन्ह्यावर विसंबू नका, स्वतःचा टेप लावून बघा. कापड एकाच वेळी, एकाच ताग्यातून कापून घ्या. कमी पडलं म्हणून आठवड्यानं पुन्हा गेलात तर दुसऱ्या ताग्याचा रंग किंचित वेगळा निघतो, आणि तो उन्हात उभं राहिल्यावर कळतो.