गावाची नगरपंचायत होतेय? हरकत कधी आणि कशी घ्यायची

"आपली नगरपंचायत होणार" अशी बातमी आली की गावात लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते निधी येणार, दुसरी म्हणते घरपट्टी वाढणार. दोघांचंही खरंय. पण पारावर भांडून काही होत नाही, कारण शेवटचा निर्णय ग्रामसभेत नाही, मंत्रालयात नगरविकास विभागात होतो. ग्रामसभेचा ठराव जोडायचा जरूर, पण त्यावर विसंबून राहू नका.

कायदा आहे १९६५ चा, महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. नगरपंचायतीसाठी लोकसंख्या १० ते २५ हजार लागते, आणि शेतीबाहेरचा रोजगार किती हेही बघतात. महापालिका किंवा अ वर्ग (म्हणजे सगळ्यात मोठ्या गटातल्या) नगरपरिषदेच्या हद्दीपासून २५ किलोमीटरच्या आत असाल तर २५ टक्के, त्याहून लांब असाल तर ५० टक्के. लोकसंख्या २५ हजारांच्या वर गेली की नगरपरिषद, तिथे ३५ टक्के. तालुक्याच्या गावांचं मात्र वेगळं, तिथल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं धोरणच सरकारने २०१४ च्या सुमारास घेतलं, त्यामुळे तिथे लोकसंख्येचा मुद्दा फारसा चालत नाही.

आता मुख्य काम. आधी राजपत्रात प्रारूप, म्हणजे अधिसूचनेचा कच्चा मसुदा निघतं आणि हरकतींसाठी किमान ३० दिवस मिळतात. पेपरात जाहिरात येते पण बारीक टायपात कुठेतरी कोपऱ्यात, म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नोटीस बोर्डवर कुणालातरी नजर ठेवायला सांगा. हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडेच द्यायची, ते आपला अभिप्राय लावून शासनाकडे पाठवतात. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि नंबर घ्या, शिक्का नसेल तर उद्या "आलीच नाही" म्हणायला मोकळे.

आणि "आमचा तीव्र विरोध आहे" एवढंच लिहून पाचशे सह्या जोडू नका प्लीज. निकषावर बोट ठेवा. जनगणनेचा आकडा, कोणत्या वाडीत किती कुटुंबं शेतीवर आहेत, हद्दीत घेतलेले पण गावठाणापासून तुटलेले गट नंबर. रोजगार हमीची कामं, ग्रामीण घरकुल यातून गाव बाहेर पडणार हेही लिहा. पाठिंबा असेल तरी लेखी द्या, तो लोक हमखास विसरतात.

एकदा आत गेलं की बाहेर यायला वर्षं जातात. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली, कर आणि सुविधांवरून बोंबाबोंब झाली, ती वगळून वेगळी नगरपरिषद व्हायला २०२४ उजाडलं. आणि तरी परत ग्रामपंचायत नाहीच झाली!

नगरपरिषद बरखास्त झाली की सुटलो, असाही लोकांचा घोळ असतो. बरखास्त होते ती निवडून आलेली बॉडी, नगरपरिषद तशीच राहते, कर भरायचाच असतो. सतत कर्तव्यात कसूर किंवा अधिकाराचा गैरवापर असेल तर कलम ३१३ खाली सरकार बरखास्त करू शकतं, पण आधी बाजू मांडायची संधी द्यावी लागते. म्हणून तक्रार करताना न झालेली कामं, ठरावांच्या नकला, ऑडिटचे आक्षेप असं सगळं तारीखवार लावा, माहिती अधिकारात मिळतं. बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची असं घटनाच सांगते, आणि नवीन बॉडीला उरलेलाच काळ मिळतो, पूर्ण पाच वर्षं नाही. मुदत संपून प्रशासक बसला तर ती बरखास्ती नव्हे, तिथे कलम ३१३ चा अर्ज करून काही हाती लागणार नाही.