गाइडकडे वर्ड, तुमच्याकडे लिब्रेऑफिस? झोटेरोचे संदर्भ असे जपा

पीएचडीचा प्रबंध लिब्रेऑफिस रायटरमध्ये (वर्डसारखंच लेखनाचं सॉफ्टवेअर) लिहायचा आणि संदर्भ झोटेरोने (संदर्भ साठवून मजकुरात टाकणारं सॉफ्टवेअर) टाकायचे, ही जोडी झकास. दोन्ही मुक्तस्रोत, दोन्ही मोफत. झोटेरो तर 2006 साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातच तयार झालं. घोळ होतो तो प्रकरण गाइडला पाठवताना. सरांना वर्डच लागतं, म्हणून आपण 'सेव्ह अ‍ॅज' करून डॉकएक्स (वर्डची फाइल) धाडतो. फाइल दिसते ठीकठाक, पण रायटरमधले झोटेरोचे 'रेफरन्स मार्क', म्हणजे संदर्भ झोटेरोशी जोडून ठेवणाऱ्या खुणा, वर्डला कळत नाहीत. '(देशपांडे, 2014)' हा नुसता मजकूर उरतो. मग कुणी संदर्भशैली बदला म्हटलं, की बसा हातानं दुरुस्त करत.

त्यापेक्षा आधी फाइलची प्रत काढा. प्रतीत झोटेरोच्या 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मध्ये जाऊन 'स्विच टु अ डिफरंट वर्ड प्रोसेसर' निवडा. संदर्भांच्या जागी लांबलचक लिंका दिसू लागतील. घाबरू नका, तशीच डॉकएक्स म्हणून सेव्ह करा. वर्डमध्ये उघडून झोटेरोचं 'रिफ्रेश' दाबलं, की संदर्भ पुन्हा जिवंत. परत येतानाही हेच करायचं.

सरांकडे झोटेरोच नसेल (बहुधा नसतंच!) तर सरळ पीडीएफ पाठवा आणि शेरे त्यावरच मागा.

'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मध्येच 'बुकमार्क्स' म्हणून संदर्भ साठवायचाही पर्याय आहे आणि तो दोन्हीकडे चालतो. पण त्यात तळटीपांमध्ये संदर्भ टाकता येत नाहीत, त्यामुळे तळटीपांतच संदर्भ देणाऱ्या इतिहासवाल्यांना त्याचा उपयोग नाही.