नव्या जागेतील परसबाग : मृगाआधी काय करावे आणि काय थांबवावे

मुंबईच्या उत्तर टोकाला, गोराई-मनोरीच्या बाजूला किंवा दहिसर-मुलुंडच्या एखाद्या जुन्या बैठ्या वस्तीत, घराभोवती गुंठा-दोन गुंठे मोकळी जमीन मिळणे ही आता दुर्मीळ गोष्ट झाली आहे. म्हणूनच अशी जागा ज्याला मिळते तो मे महिन्याच्या अखेरीस रोपवाटिकेत जातो आणि आंबा, नारळ, चिकू, लिंबू अशी कलमे-रोपे टेम्पो भरून घेऊन येतो. प्रस्तुत सल्ला अशा घरांसाठी आहे. पहिल्या पावसाळ्यात भाजीपाला मनसोक्त लावावा, परंतु मोठ्या झाडांपैकी ज्यांची जागा निःशंकपणे ठरली आहे तेवढीच लावावीत आणि बाकीची एक वर्ष थांबवावीत. नव्या जागेत पाणी कुठे साचते हे जुलै उजाडल्याशिवाय कळत नाही आणि सावली कुठवर जाते हे डिसेंबराशिवाय कळत नाही.

सावलीचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मुंबईत साधारण 15 मे आणि 28 जुलै या तारखांच्या आसपास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे कललेला असतो. त्यामुळे मे महिन्यात जागा पाहायला गेलेल्या माणसाला चारही बाजूंना लख्ख ऊन दिसते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे इतका उतरतो की, ऐन दुपारीसुद्धा कोणत्याही भिंतीची सावली तिच्या उंचीच्या जवळजवळ नऊ-दशांश इतकी लांब उत्तरेकडे पडते. दक्षिणेला शेजाऱ्याची दहा मीटर उंचीची तीन मजली इमारत असेल, तर तिच्यापासून सुमारे नऊ मीटरचा पट्टा हिवाळ्यात दुपारीही अंधारलेला राहील. टोमॅटो, वांगी, वाल, मेथी यांचा हंगाम नेमका तोच असतो. म्हणून भाजीचे वाफे दक्षिणेकडील इमारतीपासून दूर, तर वेलांचा मांडव आणि उंच झाडे जागेच्या उत्तर कडेला घ्यावीत, म्हणजे त्यांची सावली आपल्याच वाफ्यांवर येणार नाही.

दुसरा हिशेब क्षेत्रफळाचा आहे आणि तो कलमे विकत घेण्यापूर्वी कागदावर मांडावा. आंब्यासाठी 10 मीटर बाय 10 मीटर अंतराची शिफारस आहे, म्हणजे पूर्ण वाढलेला एक आंबा 100 चौरस मीटर, अर्थात जवळजवळ एक गुंठा जागा घेतो. नारळाला साडेसात मीटर अंतर धरले तरी एका माडाला 56 चौरस मीटर लागतात. दोन गुंठ्यांच्या भूखंडात निम्मी जागा घराने आणि अंगणाने व्यापल्यावर उरणाऱ्या जागेत एक आंबा, नाहीतर एक माड आणि सोबत लिंबू, कढीपत्ता, पपई अशी दोन-चार लहान झाडे, यापेक्षा अधिक काही सुखाने वाढणार नाही. माड छपरावर, गाडीच्या जागेवर किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर झुकेल असा लावू नये. शेवगा वादळी वाऱ्यात हमखास मोडतो, तेव्हा तोही पत्र्यापासून लांब असावा. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे त्या बाजूला गिरिपुष्पाच्या काठ्या किंवा जास्वंद, अडुळसा यांचे दाट कुंपण पहिल्याच पावसात करून घ्यावे. गिरिपुष्पाच्या हातभर काठ्या जूनमध्ये सहज फुटतात आणि पुढे त्याच्या पाल्याचे उत्तम हिरवळीचे खत मिळते. जागा खाडीजवळ असेल आणि वाऱ्याला खार असेल, तर आंब्याचा हट्ट सोडून चिकूचा विचार करावा. डहाणू-घोलवडचे चिकू समुद्राच्या वाऱ्यातच पोसले जातात.

माती हा नव्या जागेतील सर्वांत फसवा भाग आहे. मुंबईत नव्याने बांधलेल्या घराभोवतीची जमीन बहुधा भरावाची असते आणि वरच्या चार बोटे लाल मातीखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे खडे, टाइल्स आणि प्लॅस्टिक निघते. प्रस्तुत लेखकाने एकदा ‘बागेची माती’ म्हणून एक ट्रक माती मागवली होती. ती पहिल्या पावसात धुऊन गेल्यावर तळाशी उरला तो निव्वळ मुरूम आणि डेब्रिज. तेव्हापासून माती घेण्यापूर्वी दोन गोष्टी करण्याची सवय लागली. एक म्हणजे काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून, हलवून रात्रभर ठेवावे. तळाला वाळू-खडे किती आणि वर गाळ किती, हे सकाळी स्पष्ट दिसते. दुसरे म्हणजे मातीतील पांढुरक्या खड्यांवर लिंबाचा रस पिळावा. फेस आला तर त्यात चुना किंवा सिमेंट आहे, आणि अशा मातीचा सामू (पीएच) वाढलेला असल्याने झाडांना लोह मिळत नाही व नवी पाने पिवळी पडतात. शंख-शिंपल्यांनीही असाच फेस येतो, तेव्हा खाडीकाठच्या मातीत खडे नीट निरखून घ्यावेत. दोन फूट खोलीपर्यंत डेब्रिज निघत असेल, तर तेथे खणत बसण्यापेक्षा विटांची कडा बांधून वरच गादीवाफे करणे स्वस्त पडते.

खतासाठी गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांतून शेण मिळते, परंतु ताजे शेण वाफ्यात घालू नये. ते कुजताना मुळांना चटका बसतो आणि त्यातून मुळे खाणारी हुमणी अळी तसेच माडाचा शत्रू गेंड्या भुंगा घरात येतो. काळे पडलेले, वास नसलेले आणि मुठीत दाबून सोडल्यावर भुसभुशीत होणारे शेणखतच घ्यावे.

पाण्याचा निचरा तपासण्यासाठी मेमध्येच तीन-चार ठिकाणी दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घेऊन ते पाण्याने भरावेत, पाणी मुरल्यावर पुन्हा भरावेत आणि दुसऱ्या वेळचे पाणी किती तासांत उतरते ते पाहावे. चोवीस तासांनंतरही पाणी उभे राहत असेल, तर तेथे पपई, लिंबू किंवा आंबा लावू नये. पहिल्या वर्षी आमच्याकडे कुंपणालगत ओळीने सहा पपया लावल्या होत्या. जुलैमध्ये सलग दोन दिवस तेथे घोट्याइतके पाणी राहिले आणि आठवड्याभरात सहाही झाडे बुंध्याशी कुजून आडवी झाली. त्याच ठिकाणी आता अळू आणि कर्दळ माजली आहे. न्हाणीच्या पाण्याजवळ केळ आणि अळू हा जुना रिवाज आजही उत्तम आहे, मात्र कपडे धुण्याचे साबणपाणी त्यात सतत सोडू नये.

आता पहिल्या पावसाळ्याच्या भाजीकडे वळू. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे, तर मृग 7-8 जूनला निघतो. वळिवाच्या पहिल्या सरीला भुलून बी टाकू नये. दोन-तीन दिवस सलग पाऊस होऊन वीतभर ओल गेल्यावरच पेरावे. तोपर्यंत तीन फूट रुंद आणि किमान एक फूट उंच असे गादीवाफे तयार ठेवावेत. रुंदी यापेक्षा वाढवली की मधल्या तणापर्यंत हात पोहोचत नाही आणि माणूस वाफा तुडवू लागतो. वाफ्यांमधील चर उताराच्या दिशेने काढावेत आणि त्यात पालापाचोळा अंथरावा. भेंडीचे बी रात्रभर भिजवून, दर किलो बियाण्यास 5 ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशीची भुकटी चोळून, दीड फुटाच्या ओळींत फूटभर अंतरावर लावावे. आपल्याला किलोभर बी लागणार नाही हे खरे. पुडीभर बियांना चिमूटभर ट्रायकोडर्मा पुरते. भेंडीत पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगाला दाद न देणारा परभणी क्रांती हा वाण निवडावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे दोडक्याचे कोकण हरिता आणि कारल्याचे कोकण तारा हे वाण येथील पावसाला मानवतात.

वेलांसाठी मांडव सहा फूट उंच करावा आणि त्याचे बांबू दोन फूट खोल पुरावेत, कारण ओल्या वेलांचे वजन आणि जुलैचा वारा एकत्र आला की उथळ मांडव एका रात्रीत बसतो. प्रत्येक आळ्यात तीन बिया टोकून पुढे जोमदार दोन रोपे ठेवावीत. पडवळ बोटभर लांब झाले की त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा खडा बांधावा. खडा न बांधलेले पडवळ वेटोळे होते आणि मांडवातच अडकते. भेंडी, दोडका, पडवळ, माठ आणि अळू यांची लागवड जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकली, तर ऋषिपंचमीच्या भाजीतले बरेचसे जिन्नस घरचेच निघतात. बैलाच्या कष्टाचे काही न खाण्याचा तो दिवस असतो आणि कुदळीने केलेली परसबाग त्या अटीत चपखल बसते.

जुलैपासून दोन उपद्रव सुरू होतात. पहिला आफ्रिकन गोगलगायींचा. त्या एका रात्रीत रोपांचा वाफा साफ करतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला टाकून ठेवावीत आणि पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. त्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये. दुसरा उपद्रव फळमाशीचा. वेलभाज्यांवरील फळमाशीसाठी क्यू ल्यूर या नरमाशीला ओढणाऱ्या गंधद्रव्याचा सापळा लागतो; आंब्यासाठी आणलेला मिथाइल युजेनॉलचा सापळा दोडक्याच्या मांडवात टांगून ‘सापळा चालत नाही’ अशी तक्रार करणारे दरवर्षी भेटतात. साचलेल्या पाण्यात अनवाणी काम करणे मात्र पूर्णपणे टाळावे. मुंबईत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदीर व इतर प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो, म्हणून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट ही चैन समजू नये.

जागेत आधीपासून एखादे झाड असेल आणि ते आडवे येत असेल, तर परस्पर कुऱ्हाड चालवू नये. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार खासगी जागेतील झाड तोडण्यासही महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खाडीच्या बाजूच्या तिवरांना तर हातच लावू नये.

पावसाळाभर एक साधी वही ठेवावी. कोणत्या तारखेला किती पाऊस झाला यापेक्षा पाणी कुठे थांबले, कुठून वाहिले आणि कोणता वाफा सर्वांत आधी वाफशावर, म्हणजे जादा पाणी निथळून काम करण्याजोगा, आला, एवढेच त्यात लिहावे. ऑक्टोबरमध्ये पाणी साचलेल्या जागांवर चुन्याच्या रेघा मारून ठेवाव्यात आणि 22 डिसेंबरच्या आसपास दुपारी साडेबाराला भिंतींच्या सावलीच्या टोकाशी खुंट्या ठोकाव्यात. चुना आणि खुंट्या या दोन्हींच्या बाहेर जी जागा उरेल तीच आंब्याची किंवा माडाची. तेथे एप्रिलमध्ये एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो महिनाभर उन्हात तापू द्यावा आणि मेअखेरीस चांगली माती, पालापाचोळा, चार घमेली शेणखत व दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट घालून जमिनीपेक्षा वीतभर उंच भरून ठेवावा, कारण पहिल्या पावसात ती माती तेवढी बसतेच.