यीस्टच्या गुठळ्या म्हणजे मेटिंग नव्हे: या चुका टाळा

'ए' आणि 'अल्फा' प्रकारचे यीस्ट मिसळले, नळीच्या तळाशी गुठळ्या दिसल्या, की वहीत "मेटिंग झाले", म्हणजे दोन्ही प्रकारच्या पेशींचा संयोग झाला, अशी नोंद होते. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच.

सॅकरोमायसीस सेरेव्हिसीच्या पेशी इतर कारणांनीही एकत्र येतात. पेशीच्या पृष्ठभागावरची फ्लो प्रथिने शेजारच्या पेशीवरच्या मॅनोज या साखरेच्या साखळ्या धरतात आणि त्यासाठी त्यांना कॅल्शियम लागते. कधी कळीतून आलेली पेशी मूळ पेशीपासून सुटतच नाही. मेटिंगची पकड वेगळी: अल्फा पेशीवरचे सॅग-१ आणि ए पेशीवरचे आगा-२ ही प्रथिने एकमेकांना घट्ट धरतात. म्हणून दोन्ही प्रकार वेगवेगळ्या नळ्यांतही ठेवा आणि सगळ्या नळ्यांत ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारे रसायन) घाला. एकट्या प्रकाराच्या गुठळ्या सुटल्या तर ते फ्लो प्रथिनांचे काम. त्या तरीही राहिल्या, तर कळ्या न सुटल्याचा संशय घ्या. ही तपासणी कृपया वगळू नका.

उलटी चूकही होते. आगा किंवा सॅग जनुक मोडलेला म्युटंट हलत्या द्रवात जवळजवळ वंध्य ठरतो, पण अ‍ॅगरवर किंवा फिल्टरवर तोच बऱ्यापैकी मेटिंग करतो, कारण तिथे पेशी आधीच एकमेकींना टेकलेल्या असतात. एकाच पद्धतीवरून "हा वंध्य आहे" असे ठरवणे मला अजिबात पटत नाही.

धुताना डीटीटी हे रसायन वापरले असेल तर ए पेशींची पकड जाणारच. आगा-२ हे पेशीभित्तिकेत रोवलेल्या आगा-१ या प्रथिनाला फक्त डायसल्फाइड (गंधकाच्या) बंधांनी जोडलेले असते, आणि डीटीटी नेमके तेच बंध तोडते. सॅग-१ मात्र भित्तिकेच्या ग्लुकान या शर्करा-साखळीशी थेट बांधलेले असल्याने टिकते. आणखी एक: फेरोमोन (जोडीदार प्रकाराच्या पेशीचा रासायनिक संकेत) मिळाल्यावर आगा-१ दोन्ही प्रकारच्या पेशी बनवतात. ते सापडले म्हणून पेशीला 'ए' ठरवू नका.

आगा-२ला हवे ते प्रथिन जोडून पेशीवर मांडण्याची पद्धत बोडर आणि विट्रुप यांनी १९९७मध्ये दिली. तिथे सिग्नल आला नाही तर आधी माध्यमातले ग्लुकोज तपासा. ते उरले असेल तर गॅलॅक्टोज घालूनही गॅल-१ प्रवर्तक (जोडलेल्या प्रथिनाचे जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) दबलेलाच राहतो.

मेटिंगचा खरा पुरावा डिप्लॉइड पेशी, म्हणजे दोन्ही पालकांचे गुणसूत्र-संच असलेल्या पेशी. दोन्ही पालकांत वेगवेगळे पोषण-दोष (एखादे पोषकद्रव्य स्वतः बनवता न येणे) ठेवा आणि फक्त डिप्लॉइड वाढेल अशा प्लेटवर वसाहती मोजा. त्या वसाहतींत पुन्हा चिकटपणा शोधू नका. डिप्लॉइडमध्ये आगा-२ आणि सॅग-१ दोन्ही बंद असतात.